डी ड्राइव्हची मोजणी

मोजणीसाहेबांनी चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, भावाभावांत हद्दी घातल्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्तीनंतर मोजायला उरला घरचा कॉम्प्युटर. त्याच्या डी ड्राइव्हमध्ये साहेबांचं तीनशे चाळीस पानांचं आत्मचरित्र होतं आणि त्याला खेटून त्यांच्या बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, गाण्याच्या रियाजाची सहाशे रेकॉर्डिंग्ज. ती रोज वाढत होती.

"हे अतिक्रमण आहे," साहेब बायकोला म्हणाले. "माझ्या पुस्तकाला जागा उरायची नाही. ड्राइव्हचे दोन भाग करतो."

"करा की. पण माझं एक जरी गाणं गेलं, तर बघा!"

नियम म्हणजे नियम. साहेबांनी बायकोला लेखी नोटीस बजावली: शेजारच्या कब्जेदाराने आपला माल सात दिवसांत हलवावा. बाईंनी नोटिशीच्या पाठीवर किराण्याची यादी केली, पण पेन ड्राइव्ह आणून माल हलवलाही.

रविवारी सकाळी साहेबांनी ड्राइव्ह कापला. बरोब्बर निम्मा! चौतीस वर्षांत इतकी चोख वाटणी जमली नव्हती. पंचाईत एवढीच, की आता दोन्ही तुकडे हुबेहूब सारखे दिसत होते. कॉम्प्युटरने विचारलं, कुठला फॉरमॅट करू? साहेबांनी एकावर बोट ठेवलं. 'यातलं सगळं पुसलं जाईल,' कॉम्प्युटरने हरकत घेतली. हरकती फेटाळण्यात साहेबांचा हातखंडा होता. त्यांनी हीही फेटाळली.

पुस्तक गेलं. साहेबांनी दोन्ही तुकडे उघडून पाहिले; दोन्ही रिकामे.

"अहो, कॉपी ठेवली होती ना?"

"नोटीस शेजाऱ्याला देतात," साहेब रडकुंडीला येऊन म्हणाले. "मालकाला कोण देतं?"

बाई पोट धरधरून हसल्या. मग म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतंय? दिसलं ते सगळं पेन ड्राइव्हवर उचललं. तुमचं पुस्तकपण आलंय. वाचलंसुद्धा."

साहेबांच्या जिवात जीव आला. "वाचलंस? कसं वाटलं?"

"तीनशे चाळीस पानांत मी एकदाच आहे. पान दोनशे बारा. 'घरी आलो. जेवण तयार होतं.' आपोआप झालं होतं वाटतं?"

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी निमूटपणे ते पान उघडलं आणि 'जेवण'च्या आधी टाइप केलं: 'हिने केलेलं'.

"एवढंच?" बाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या.