फिट आधी ओळखणारी कुत्री

परदेशात म्हणे फिट येणाऱ्या माणसाला शिकवून तयार केलेलं कुत्रं देतात, वर त्याला जाकीटही घालतात. रविवारच्या पुरवणीत हे वाचलं आणि मला हसूच आलं. विरारला आमच्या सोसायटीत तशी एक कुत्री होती की! जाकीट सोडा, गळ्यात पट्टा नव्हता, आणि शिकवलं म्हणाल तर कुणीच नाही.

मला लहानपणापासून फिट यायची. घरचे बाहेर ‘चक्कर’ म्हणायचे, लग्न जमवायचं होतं ना माझं! वाण्याकडे जायचं तरी पाठीमागे आई हजर. ही गावठी कुत्री पोळीच्या आशेने माझ्यामागे लागली आणि काय कळायचं तिला देव जाणे, फिट यायच्या आधीच कुईंकुईं करत ओढणी धरून ओढायची. मी मुकाट जमिनीवर बसायचे. डोकं फुटायचं वाचायचं. तिच्या भरवशावर मी शेजारच्या नंदाखाल गावातल्या वाडीतून एकटी भाजी आणू लागले. काय तो माझा थाट!

सोसायटीला ते कुठलं बघवायला? कुत्री भुंकते, जिन्यात बसते, पाहुणे घाबरतात. झालं, सभा बोलावली. मी तिची बाजू मांडायला उभी राहिले, तेवढ्यात ती आत घुसली नि माझी ओढणी ओढू लागली.

“बघा, बघा! पोळी घालणारीलाच चावतेय!” सेक्रेटरी ओरडले. वॉचमनने काठी उगारून तिला हाकललं. मी मात्र पटकन खाली बसले.

शुद्धीवर आले तर नाकासमोर तीन चपला. फिट आली की चप्पल हुंगवायची, हे आमच्याकडचं मोठं शास्त्र! कुणाच्या चपलेने गुण आला यावर वाद रंगला होता. तेवढ्या वेळात कुत्री हटवायचा ठरावही एकमताने मंजूर झाला होता. चप्पल हुंगणारीला कसलं आलंय मत!

तिला टेम्पोत घालून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सोडलं. “सुकी मासळी खाऊन मजेत राहील,” म्हणे. आईला घेऊन मी किनाराभर शोधलं. नाही सापडली. परतताना रिक्षात ढसाढसा रडले.

महिनाभरात जिन्यातच फिट आली. आधी सांगणारं कुणी नव्हतं. गडगडत खाली आले, पुढचे दात पडले. सेक्रेटरी मोसंबी घेऊन बघायला आले आणि आईला म्हणाले, “वहिनी, पण हिला एकटी सोडताच कशाला तुम्ही?”

दात असते तर चावलेच असते मेल्याला.