बोअरचं पाणी आणि पॉलिमिक्सिन

पॉलिमिक्सिन या जंतुनाशक औषधाच्या चाचणीसाठीचा ब्रॉथ मी बोअरच्या पाण्यात केला होता. आता नातवंडांना फिल्टरच्या पाण्यावर भाषण देते, पण तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं.

नागपुरातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन. मे महिना, कूलरही दमलेला. डिस्टिल्ड वॉटरच्या प्लांटची कॉइल जळलेली आणि मेकॅनिक रोज ‘उद्या येतो’. आमच्या अटेंडंट शेवंताबाई आवारातल्या बोअरचं पाणी भरून ठेवायच्या. काचेसारखं नितळ. मी ते उकळलं, गाळलं आणि त्यात ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचं सूप, केलं. कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय?

वैशालीची पीएचडी त्या सूपवर चालायची. ओळीने नळ्या, प्रत्येक पुढच्या नळीत पॉलिमिक्सिन जास्त. जंतू मेले की नळी स्वच्छ, जगले की गढूळ. ज्या डोसला तिचे जंतू वर्षभर मरत होते, त्याच डोसला आता नळ्या गढूळ.

तिने औषधाची नवी बाटली फोडली. गढूळ. जंतू नवे घेतले. गढूळ. दोन आठवडे हेच.

“ताई, काहून असं होऊन राहिलं?”

“हात स्वच्छ ठेवत जा जरा,” मी म्हणाले. मी!

तिच्या गाईड सरांनी वही मिटली. “मग आधीचे रिझल्ट तरी खरे कशावरून? वर्षाचं काम पुन्हा करा.”

वैशाली रडलीसुद्धा नाही. स्टुलावर बसून पुन्हा पहिल्या नळीपासून नंबर घालायला लागली.

सोमवारी कॉइल बदलली. डिस्टिल्ड पाण्यात ब्रॉथ केला आणि दुसऱ्या दिवशी नळ्या स्वच्छ. बदललं होतं फक्त पाणी.

पॉलिमिक्सिन जंतूच्या बाहेरच्या आवरणाला चिकटतं आणि ते फोडतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तिथे आधीच रुमाल टाकून जागा धरतं. औषध बिचारं एसटीत उभंच.

वैशालीला घेऊन सरांकडे गेले, सगळं सांगितलं. तिचं वर्ष वाचलं. सर एवढंच म्हणाले, “यापुढे पाणी कुठलं तेही वहीत लिहा.” मी आजही लिहिते, लोणच्याच्या बरणीवरसुद्धा.

बाहेर शेवंताबाई नळ्या घासत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या,

“त्या पाण्यात तं माह्या घरी तुरीची दाळ शिजत नाही, ताई. जंतू काय मरतीन? पण मले इचारलं कोनं?”