मागून चालणारे दोघे

“मग मीच फोन करते त्यांना. सांगते, हा माणूस दुसऱ्या मजल्यावर आला की खाली बसून बुटाची नाडी बांधतो. पायात चपला असल्या तरी बांधतो.”

“तिलगा, हळू. कयल ऐकतेय.”

“ऐकू दे. तिलाही कळू दे, बापाच्या कुठल्या नाड्या सुटतात ते.”

इळंगो टॉवेलनं मान पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. लिफ्ट चालू असताना तो जिन्यानं चार मजले चढून आला होता आणि अजून त्याला धड श्वास घेता येत नव्हता. उद्या सकाळी सैन्याची टेस्ट होती. ओट्यापाशी त्याची आई डोशाचं पीठ घोटत होती. त्याची बायको तिलगा तिला अत्तै म्हणे. अत्तैंनी हात थांबवला नाही.

“कर फोन,” त्या म्हणाल्या. “आणि त्याच फोनवर हेही सांगून टाक, म्हणावं फोरमनची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. दोनदा फोन कशाला?”

अत्तैंचं हेच कौशल्य होतं. वाद कितीही पसरला तरी त्या एकच चिमटा काढत आणि तो बरोबर जागी बसे.

“नुसता गॅस आहे गं,” इळंगो जरा मऊ आवाजात म्हणाला. “एवढी एक टेस्ट होऊ दे. मग दाखवतो डॉक्टरला. देवाशपथ.”

“तुमच्या अप्पांनापण गॅसच होता.”

आता मात्र अत्तैंचा हात थांबला. इळंगोच्या वडिलांना त्यांनी शेवटच्या दिवशी ओव्याचं पाणी दिलं होतं. पेला अर्धा झाला असताना ते खुर्चीतच गेले. तेव्हा त्यांनी पंचेचाळिशीही गाठली नव्हती. त्या घरात ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नसे. तिलगानं आज बोलून दाखवली, आणि मग फोन न करताच ती कपड्यांच्या घड्या करायला आत निघून गेली.

सिंगापुरात मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं सैन्याची. ती संपली तरी सैन्य माणसाला सोडत नाही. चाळिशीपर्यंत वर्षातून एकदा बोलावतं आणि अंगात किती दम उरला आहे ते तपासून बघतं. इळंगो या तपासणीत दरवर्षी नापास होत आला होता, आणि तेही उडीत. माणूस बंदरावर काम करणारा. जहाजावर चढून कंटेनर लोखंडी दांड्यांनी आवळून बांधणारा. हात असे की दांडीला लोंबकळून हनुवटी वर न्यायची असेल तर दहा वेळा नेईल. पण जागेवर उभं राहून पुढे उडी मारायची म्हटलं की त्याचे आखूड पाय त्याला दगा देत. “कोंबडीसारखा उडतोस रे,” असं त्याला पहिल्याच वर्षी सार्जंट म्हणाला होता. लग्नानंतर हे त्यानं तिलगाला हसत हसत सांगितलं होतं आणि तीही पोट धरून हसली होती.

बून किआत त्याला तिथेच भेटला. दोघं एकाच तुकडीतले आणि एकाच वयाचे. बून किआत शाळांना नूडल्स पोचवणारी गाडी चालवायचा. उडी त्याला जमे, दांडी जमत नसे. जुन्या पद्धतीत पाच प्रकार असत आणि एकात गेलं की सगळ्यात गेलं. पळणं सगळ्यात शेवटी. म्हणजे पळायची वेळ येईपर्यंत हे दोघं आधीच नापास झालेले असत. मग कशाला पळायचं? बाकीचे धापा टाकत फेऱ्या मारायचे आणि हे दोघं त्यांच्या मागून चालत जायचे. बायका, पोरं, फुटबॉल, बंदरावरची भांडणं, सगळं त्या चालण्यात बोलून व्हायचं. वर्षातून एकदा हमखास भेट. बून किआत म्हणायचा, “इळंगो, लोक बागेत फिरायला पैसे मोजतात. आपल्याला सरकार फिरायला बोलावतं.”

नापासांना पुढे शिक्षा असे, ती संध्याकाळच्या कवायतीची. आठवड्यातून दोन-तीनदा, असे काही महिने. चुकवली तर प्रकरण कोठडीपर्यंत जाई. बंदरावर फोरमनला बहुतेक संध्याकाळची पाळी असते. त्यामुळे इळंगोची फोरमनकी दोनदा हुकली. “तू माणूस चांगला आहेस, पण संध्याकाळी तू आमचा नसतोस,” साहेब म्हणाला होता. दोन्ही वेळा त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं वर गेली. त्या कवायतीच्या संध्याकाळी तिलगा दातांच्या दवाखान्यातली आपली ड्यूटी संपवून, कयलला पाळणाघरातून उचलून, अत्तैंच्या गुडघ्यांना तेल लावून, एकटी जेवत असे. तिनं तक्रार केली नाही असं नाही. भरपूर केली.

आणि या वर्षी टेस्ट बदलली. उडी गेली, दांडी गेली. आता तीनच प्रकार: जोर, पाठीवर पडून उठणं, आणि पळणं. आता एकात गेलं म्हणून सगळ्यात जात नव्हतं. तिन्हींचे गुण एकत्र धरायचे आणि त्यातले निम्मे पळण्याला. बून किआतचा फोन आला तेव्हा तो इतका ओरडत होता की अत्तैंनाही ऐकू गेलं. “उडी मेली रे! दांडीपण मेली! दोघींना एकाच दिवशी पुरलं!” त्या रात्री घरात सगळ्यांनी आईस्क्रीम खाल्लं. तिलगा दुसऱ्याच दिवशी जाऊन इळंगोसाठी पळायचे बूट घेऊन आली. निळे, पांढऱ्या नाड्यांचे. ते आपणच आणले होते हे तिला नंतर फार आठवायचं.

एक गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यात आली नाही. इतक्या वर्षांत ते दोघं टेस्टमध्ये कधी पळालेच नव्हते. उडीनं आणि दांडीनं त्यांना दरवर्षी नापास केलं होतं, आणि नापास केलं म्हणूनच चालू दिलं होतं. आता प्रत्येक पावलाला गुण होते. आता चालणं परवडणार नव्हतं.

सराव सुरू झाला आणि महिन्याभरातच नाड्या बांधणंही सुरू झालं. तिलगानं तीनदा पाहिलं. चौथ्यांदा ती मुद्दाम कचरा टाकायच्या निमित्तानं जिन्यात जाऊन उभी राहिली. तो खाली बसला होता, एक हात बुटावर, दुसरा छातीवर, तोंड ओलं आणि मातीच्या रंगाचं. तिला पाहून त्यानं चटकन नाडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

“पस्तिशीनंतर ते आधी डॉक्टरकडे पाठवतात,” तो त्या दिवशी म्हणाला होता. “मला अजून पाच महिने आहेत. आत्ता सुटलो तर सुटलो.”

“आणि तिथे विचारतात ना, दुखतं का म्हणून?”

“विचारतात.”

“मग?”

तो हसला. सगळ्यांना रांगेत उभं करून सार्जंट विचारतो: ताप आहे का, झोप झाली का, छातीत दुखतं का. त्याचा प्रश्न संपायच्या आत अख्खी रांग म्हणते, “नो, सार्जंट.” अठराव्या वर्षी शिकवलेलं असतं, ते काही जिभेवरून जात नाही. जो ‘हो’ म्हणेल तो सोंगाड्या. त्याच्याकडे बाकीचे असे बघतात की त्यापेक्षा पळून मेलेलं बरं. हे शब्द इळंगोचेच. तेव्हा ते सहज बोलले गेले होते.

तिलगाला फोन करता आला असता. सैन्याचा काय, बंदराचा काय, नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवरच होते. पण सैन्याला कळलं तर बंदरावरच्या डॉक्टरला कळायला वेळ लागत नाही, आणि छातीत दुखणाऱ्या माणसाला जहाजाची शिडी चढू देत नाहीत. फोरमनकी राहिली बाजूला, हातातलं कामही गेलं असतं. शिवाय मोकळ्या संध्याकाळी तिलाही हव्या होत्या. म्हणून ती त्याच्याशी भांडली, अत्तैंशी भांडली, आणि फोन तेवढा केला नाही.

शनिवारी सकाळी तो टेस्टला गेला. अत्तैंनी देवापुढे दिवा लावला आणि साबुदाण्याचं पायसम करायला घेतलं. तिलगानं खिडकीतून पाहिलं. खाली नूडल्सची गाडी उभी होती. दारावर कोपर टेकून बून किआत वर बघत होता. तिला पाहताच त्यानं दोन्ही दंड फुगवून दाखवले.

“वहिनी, आज तुझ्या नवऱ्याला मागे टाकतो बघ!”

“टाक टाक. परत आणून सोड म्हणजे झालं,” ती वरून ओरडली.

फोन आला तेव्हा ती काजू तळत होती.

“पास झालो,” इळंगो म्हणाला.

“अत्तै, पास!” तिनं मागे वळून सांगितलं. मग तिला जाणवलं की पलीकडून काहीच आवाज येत नाहीये. “अहो? काय झालं?”

“बून किआत पडला. शेवटून दुसऱ्या फेरीत. दवाखान्यात नेलंय.”

संध्याकाळपर्यंत तो गेल्याची बातमी आली. पायसम तसंच पातेल्यात राहिलं. टाकून द्यावं की फ्रीजमध्ये ठेवावं हे कुणाला सुचेना, म्हणून ते ओट्यावरच राहिलं आणि त्यावर साय धरली.

रविवारी संध्याकाळी इळंगो अंत्यदर्शन घेऊन आला. बून किआतच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मंडप घातला होता. शेंगदाण्यांच्या बश्या, कागदी पांढरे दिवे, शवपेटीसमोर फोटो. आलेल्या प्रत्येकाला तिथे तांबडा दोरा देतात, अपशकुन बरोबर येऊ नये म्हणून. तो दोरा वाटेत टाकून यायचा असतो. इळंगोनं टाकला नव्हता. त्याच्या बोटाभोवती तो गुंडाळलेलाच होता. अत्तैंनी दाराबाहेर हळदीच्या पाण्याची बादली ठेवली होती. त्यांनी त्याच्या पायावर पाणी ओतलं, दोरा सोडवून घेतला आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकला. तो मुकाट्यानं उभा राहिला, लहान मूल राहतं तसा.

“त्याची बायको काय म्हणाली?” तिलगानं विचारलं.

“मला म्हणाली, तू होतास ना बरोबर, बरं झालं. एकटा नव्हता.”

तो खुर्चीत बसला. वडिलांचीच खुर्ची. कयल येऊन त्याच्या गुडघ्याला टेकली.

“पण मी नव्हतो,” तो म्हणाला. “तो म्हणाला, इळंगो, थांब, छाती धरलीय, जरा चालू या. पहिल्यासारखं चालू या म्हणाला. मी घड्याळ बघितलं. म्हटलं, आता चालायचं नसतं रे, दीडच फेरी राहिलीय, चल पळ. आणि मी पुढे गेलो. माझीपण धरली होती. मला वाटलं, माझी सुटेल तशी त्याचीही सुटेल.”

खालून आईस्क्रीमवाल्याची घंटा ऐकू आली आणि लांब गेली.

“सैन्यातले साहेब आले होते,” तो म्हणाला. “मंडपातच. भला माणूस. प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारत होते. मला म्हणाले, तो पडायच्या आधी काही बोलला का?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“नाही म्हटलं.”

“अहो!”

“तोंडातून निघून गेलं गं. मग म्हणाले, तुम्हाला स्वतःला काही त्रास आहे का? कसलाही असू दे, आज सांगितलंत तर कुणी काही म्हणणार नाही.” तो आपल्या ओल्या पायांकडे बघत होता. “मी उभा राहिलो सरळ आणि म्हटलं, नो, सर.”

तिलगानं त्याच्याकडे पाहिलं. मित्राच्या पेटीपासून चार पावलांवर, शेंगदाण्यांच्या बशीशेजारी उभा राहून, कुणी रांगेत उभं केलेलं नसताना, हा माणूस ‘नो, सर’ म्हणाला होता. हा पुढच्या वर्षीही म्हणेल. दर वेळी म्हणेल. आणि ती दर वेळी भांडेल आणि घड्या करायला आत जाईल.

“झालं ते झालं,” अत्तै म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. “गेलेला काही येत नाही. पास झालाय. आता वर्षभर कुणी बोलवत नाही त्याला. एकदा फोरमनकी पदरात पडू दे, मग हळूहळू दाखवू डॉक्टरला. आता सांगून काय मिळणार? त्या बिचारीला नवऱ्याबद्दल आणखी एक दुःख, आणि आपल्या चुलीवर पाणी.”

“अम्मा बरोबर बोलतेय,” इळंगो म्हणाला. पण त्यानं मान वर केली नाही, आणि त्याचा हात शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी गेला होता.

तिलगा उठली. ओट्यावरचं पायसमचं पातेलं तिनं मोरीत उपडं केलं, नळ सोडला आणि साबुदाणा जाळीतून खाली जाईपर्यंत उभी राहिली. मग पातेलं विसळून जागेवर ठेवलं, हात पुसले आणि बाहेर येऊन भिंतीवरून कॅलेंडर काढलं.

“उद्या मी कामावर जाणार नाही,” ती म्हणाली. “कयलला शाळेत अत्तै सोडतील. आपण दोघं आधी हृदयाच्या दवाखान्यात जाऊ आणि तिथून सरळ त्या साहेबांकडे. बून किआत काय म्हणाला ते तुम्ही सांगायचं, आणि तुमची छाती दुखते तेही. तुमच्या तोंडून निघालं नाही तर मी सांगेन. बंदराला मी आत्ताच कळवतेय, की उद्यापासून तुम्ही शिडी चढणार नाही.”

आणि तिनं फोन हातात घेतला.