अनवाणी मॅनेजर

काल सामन्याआधी आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा नवा मॅनेजर बाळू बूट हातात घेऊन अख्खं मैदान अनवाणी फिरला. गॅलरीत पोरं हसली. "साहेबांचा नवस दिसतोय," एकजण म्हणाला. पण ही खोड मुळात माझी आहे. मी चौथीत शाळा सोडली, पण चेंडू कुठं उसळंल आणि कुठं अडंल हे बुटातनं कळत नाही, तळव्याला कळतं, एवढं मला ठाऊक होतं. बाळूला ते मीच शिकवलं.

पुढं तो पगारावर गोव्याच्या क्लबात खेळायला गेला. पेठ सोडली म्हणून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचा सामना टीव्हीवर लागला की उठून जायचो. तिथं त्यानं नाव कमावलं, गुडघा घालवला, आणि आता परत येऊन आमच्या पोरांना खेळवतोय. काल त्याला बघून वाटलं, तिकडच्या हिरव्यागार मैदानांवरही हा असाच फिरला असंल. म्हणजे मी रुसून घरात बसलो होतो, आणि माझं शिकवणं गावोगाव हिंडत होतं. हे जिवंतपणी बघायला मिळालं, आणखी काय पाहिजे?

फेरी संपवून तो पायऱ्या चढून माझ्यापाशी आला. "वस्ताद, उजवा कोपरा भुसभुशीत लागतोय. तुम्ही एकदा बघता का?"

इतक्या वर्षांनी मी त्याच्याशी बोललो. म्हणालो, "हात दे. पायऱ्या उतरवत नाहीत आता."