चेपलेला टप

खलफान बिन हुवेशिल माझा सख्खा चुलतभाऊ आणि माझ्या थोरल्या बहिणीचा, झुवैनाचा नवरा. मस्कतपासून दूर आत, आमच्या बिदियाच्या वाळवंटात त्याला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. चाळीस वर्षं त्यानं एकच काम केलं. डांबरी रस्त्यापासून आत वाळूतल्या वस्त्यांवर पाण्याचे पिंप न्यायचे, उंटांचा चारा न्यायचा आणि येताना कुणी आजारी असेल, कुणी अडलेली बाई असेल, तिला घेऊन यायचं. गाडीही एकच, ऐंशी सालची डिझेलवरची लँड क्रूझर, वाळूच्याच रंगाची. त्या गाडीच्या मागच्या बाकावर दोन पोरं जन्मली. त्यातलं एक आता मस्कतला वकील आहे.

खलफान उंच, इतका की माझ्या गॅरेजच्या दारातून आत येताना सवयीनं मान वाकवायचा. बोलणं कमी. घरातलं बोलणं झुवैनाकडे होतं. ती बुटकी, गोल, आणि तिची जीभ कात्रीसारखी. आमच्या आईला ती म्हणायची, "तुम्ही मला नवरा दिलात का खजुराचं झाड? सावली देतं, पण उत्तर देत नाही."

त्रेपन्नाव्या वर्षी झुवैना गाडी शिकली. मला काही सांगितलं नव्हतं. एक दिवस सकाळी गॅरेजमध्ये आली, मी एका बोनेटखाली वाकलो होतो.

"सरहान, बघ काय आणलंय."

"काय, हलवा?"

"लायसन्स."

माझा पेंटर मतीन, चितगावचा, वीस वर्षं माझ्याकडे आहे. त्यानं हात पुसून ते कार्ड घेतलं आणि "वा वा!" केलं. मी मात्र हसलो. "या वयात? आणि चालवणार कुठं, अंगणात?"

"वाळूत."

"झुवैना, वाळू म्हणजे शिवणयंत्र नाही, पाय मारला की चालायला. एक दिवस कुणाचा तरी जीव घेशील."

एरवी तिनं मला धुऊन काढलं असतं. त्या दिवशी तिनं मतीनच्या हातातून कार्ड घेतलं, ओढणीच्या टोकात बांधलं आणि "येते" म्हणून गेली. मला वाटलं, म्हातारपणची हौस आहे, दोन दिवसांत उतरेल. नवरा असताना बाईला गाडी का शिकावीशी वाटली असेल, हे मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी मार्च महिन्यात अपघात झाला. दोघं पाणी घेऊन आतल्या वस्तीवर निघाले होते. आदल्या दिवशी वारा सुटला होता आणि एका टेकाडाचा माथा त्यानं पार बदलून टाकला होता. ज्या बाजूला हलका उतार असायचा तिथं उभा कडा झाला होता. गाडी माथ्यावरून पुढं गेली, नाक वाळूत रुतलं आणि ती दोन कोलांट्या खाऊन उलटी पडली. वस्तीवरची माणसं पोचली तेव्हा खलफाननं झुवैनाला बाहेर काढून गाडीच्या सावलीत ठेवलं होतं, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ती गेली होती.

पोलिसांना तो म्हणाला, "गाडी मी चालवत होतो. माथा बदललेला मला दिसला नाही."

सुतकाच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. खलफान हात गळ्यात बांधून भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "चाळीस वर्षं लोकांचे जीव वाचवलेस म्हणतात. माझ्या बहिणीचा घेतलास." कुणीतरी माझा हात धरला. खलफाननं मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

त्यांची एकुलती एक मुलगी बद्रिया, इब्राच्या दवाखान्यात नर्स आहे. तीही त्या दिवसानंतर बापापासून तुटली. सणाला यायची, स्वयंपाक करून ठेवायची, जायची.

अकरा महिने मी त्याच्याशी बोललो नाही. मग एका सकाळी माझ्या गॅरेजसमोर ट्रक उभा राहिला. ट्रकवर ती गाडी होती आणि ट्रकच्या पुढच्या सीटवरून खलफान खाली उतरला.

"हिला उभी कर," तो म्हणाला.

गाडी म्हणण्यासारखं तिच्यात फारसं उरलं नव्हतं. टप डाव्या बाजूनं सीटपर्यंत चेपलेला, समोरचे खांब वाकलेले, चासीचं पुढचं टोक एका बाजूला ओढलेलं, रेडिएटर पंख्यात घुसलेला.

"भंगारात दे," मी म्हणालो.

"भंगारात द्यायची असती तर तुझ्याकडे कशाला आणली असती?"

"दुसरीकडे ने."

"एवढं मोडलेलं दुसरं कुणी सरळ करू शकत नाही. तुलाही माहीत आहे."

मी हो म्हणालो, पण दयेनं नाही. माझ्या मनात असं होतं की त्यानं रोज इथं यावं, रोज तो टप बघावा आणि त्याला रोज ते भोगावं लागावं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तो रोज आला. सकाळी सातला यायचा, एका उलट्या पिंपावर बसायचा. आम्ही इंजिनापासून सुरुवात केली. उलटी पडलेली गाडी तशीच सुरू करायची नसते, तेल वर सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. मतीननं हीटर प्लग काढले, इंजिन हातानं फिरवलं, आणि काळं तेल पिचकारीसारखं उडून त्याच्या नव्या शर्टावर आलं.

"अरबाब," मतीन ओरडला; मालकाला तो असंच म्हणतो. "माझं लग्न मोडलं!"

"तुला चार पोरं आहेत."

"हा शर्ट बायकोनं पाठवला होता. फोटो काढून पाठव म्हणाली होती. आता काय पाठवू, इंजिनाचा फोटो?"

खलफान हसला. अकरा महिन्यांनी मी त्याला हसताना ऐकलं आणि मला इतका राग आला की मी हातोडी घेऊन मागच्या बाजूला गेलो.

मग चासी. साखळ्या लावून, हायड्रॉलिक जॅक लावून तिला दिवसाला बोटभर ओढायचं, पुन्हा टेप धरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापं घ्यायची. खलफान पाने द्यायचा. माझ्या लक्षात आलं की तो पान्यावरचा आकडा वाचत नाही, अंगठा फिरवून बघतो. चहाचा पेला घ्यायच्या आधी त्याचा हात थोडा हवेत चाचपडायचा. मी म्हटलं, वय झालं.

दुसऱ्या महिन्यात चेपलेला टप जॅकनं तात्पुरता वर रेटून आतलं काम काढलं. सीट काढायच्या होत्या. बाजूची सीट सहज निघाली. ड्रायव्हरची, आमच्याकडे ती डावीकडे असते, निघेना. तिच्या मागचे बोल्ट काढायला सीट पुढं सरकवावी लागते, आणि ती आधीच पुढं होती, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. पुढचे बोल्ट काढायला मागं न्यावी लागते, आणि ती हलेना. खाली टॉर्च धरून पाहिलं. खालचा पत्रा वर आला होता आणि त्यानं सीटचा रूळ चिमटीत धरल्यासारखा पकडला होता. म्हणजे गाडी आपटली तेव्हा सीट जिथं होती तिथंच ती अडकली होती.

मी टॉर्च बंद केला. मतीन जेवायला गेला होता. खलफान पिंपावर बसून खजूर खात होता.

"खलफान, इकडे ये. या सीटवर बस."

"कशाला?"

"बस म्हणतो ना."

तो आला, दार चाचपलं, एक पाय आत घातला. त्याचा गुडघा स्टिअरिंगवर आपटला. दुसरा पाय आत येणं शक्यच नव्हतं.

"सीट मागं घे," तो म्हणाला.

"जात नाही. अपघातात रूळ वाकलाय."

तो तसाच, एक पाय आत, एक पाय बाहेर, उभा राहिला. मग त्यानं पाय हळूच बाहेर काढला.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

"या गुडघ्यांनी?"

"सरहान, सोड ना रे."

"तुझा उजवा खांदा मोडला. ड्रायव्हरचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. कोण चालवत होतं?"

तो जमिनीवर, तेलाच्या डागांतच बसला. मीही बसलो.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. समोर धूर असतो, कडेनं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले मागचा पडदा गेलाय, उपाय नाही. झुवैनाला कळलं तेव्हा ती म्हणाली, मी शिकते. वाळू तुला पाठ आहे आणि डोळे मला आहेत, दोघं मिळून एक ड्रायव्हर होईल. कुणाला सांगायचं नाही, नाहीतर वस्त्यांवरचे लोक घाबरतील, आपल्या गाडीत बसणार नाहीत."

"मग मला का सांगितलं नाहीस? मी भरल्या घरात तुला..."

"तिचं लायसन्स आलं त्या दिवशी तू तिला काय म्हणाला होतास?"

मला आठवत होतं. 'कुणाचा तरी जीव घेशील.'

"घरी येऊन तिनं मला ते सांगितलं. दोन दिवस जेवली नाही. आणि त्या दिवशी, वाळूत, माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं, शुद्ध होती अजून. म्हणाली, सरहानला कळू देऊ नकोस मी चालवत होते."

मतीन जेवून आला, आम्हाला तसं बसलेलं पाहिलं आणि दारातूनच परत फिरला.

तो गेल्यावर खलफान म्हणाला, "आणि सुतकात तू मला म्हणालास ते खोटं नव्हतं. माथ्याजवळ तिनं विचारलं होतं, पुढचं दिसत नाही, थांबून उतरून बघू का? मी म्हणालो, घे, मला माहीत आहे. म्हणून मी तेव्हा मान वर केली नाही."

"मग ही गाडी कशाला उभी करतोस? काय करणार आहेस तिचं?"

"घरामागं पडून होती. तिच्याजवळून जाताना मी भिंतीसारखा तिच्यावर हात ठेवून जातो. दिसत नाही ना. रोज हाताला तो चेपलेला टप लागायचा. म्हटलं, हाताला एकदा सरळ लागू दे."

दुसऱ्या दिवशीपासून मी ते काम मतीनच्याही हातात दिलं नाही. सूर शहराच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडून त्याच सालच्या गाडीचा टप आणला. जुना कापून काढला. समोरचे खांब ओढून, ठोकून, पुन्हा ओढून मापात आणले. नवा टप वर ठेवला, काढला, परत ठेवला, दारांची फट सगळीकडे सारखी येईपर्यंत. जोड झाळला आणि मग तीन आठवडे नुसतं घासत राहिलो. मतीन पुट्टीचा डबा घेऊन यायचा.

"अरबाब, थोडी पुट्टी भरली की कुणाला कळणार नाही."

"डोळ्याला कळणार नाही. हाताला कळेल."

"गाडीला हात लावून कोण बघतं?"

"तू जा, दारं रंगव."

रंग वाळला त्या दिवशी खलफानला बोलावलं. तो गाडीच्या मागून सुरू झाला. पंजा पसरून, हळूहळू, टपावरून हात फिरवत पुढं आला. मी बाजूला उभा होतो, जणू परीक्षा माझी होती. ड्रायव्हरच्या खिडकीवर त्याचा हात थांबला. दोन बोटं मागं गेली, पुढं आली.

"इथं जोडलंयस."

"हो. पुन्हा घासू?"

"नको. चांगलं झालंय." हात मात्र त्यानं बराच वेळ तिथून काढला नाही. मग चेहऱ्यावरून फिरवला आणि म्हणाला, "तिला आवडलं असतं. म्हणाली असती, माझ्या भावाचे हात गोड आहेत, तोंड तेवढं कडू."

मला त्याची माफी मागायची होती. मी त्याचा हात हातात घेऊन डोळ्यांना लावला.

मला सगळ्या गावाला खरं सांगायचं होतं. त्यानं शपथ घातली, "तिनं सांगितलं होतं की तुला कळू नये. ते मी पाळू शकलो नाही. निदान गावात दुसऱ्या कुणाला नको, माझ्या जिवात जीव असेपर्यंत तरी." शेवटी एवढंच ठरलं की माझे शब्द मी मागं घ्यायचे. शुक्रवारी नमाजानंतर सगळे कॉफीला बसले होते, तिथं मी उभा राहिलो. म्हणालो, "सुतकात मी खलफानला जे बोललो ते चुकीचं होतं. त्याचा दोष नव्हता. मी ते मागं घेतो."

आणि लोकांनी माझं कौतुक केलं. म्हातारे उठून माझ्या कपाळाचं चुंबन घेऊ लागले. "याला म्हणतात मोठं मन! बहीण गेली तरी माफ केलं!" एकानं तर खलफानच्या पाठीवर थाप मारली, "नशीबवान आहेस, असा मेव्हणा मिळाला." खलफान म्हणाला, "खरं आहे." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच मला सहन झालं नाही. मी उठून चपला न घालताच बाहेर आलो.

त्यानंतर तीन वर्षं, दर शनिवारी, मी ती गाडी चालवली. तो शेजारी बसायचा, मागं पाण्याचे पिंप. वाळू अजून त्याला पाठ होती. "डावीकडे घे, आता गाफचं झाड येईल," असं सांगायचा आणि झाड यायचं. माथा आला की मात्र गप्प व्हायचा. मी गाडी थांबवायचो, उतरून चालत वर जायचो, पलीकडचा उतार बघायचो, परत यायचो. तोवर तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला असायचा. मग एकच विचारायचा, "उतार आहे का?" मी हो म्हणायचो. मगच तो श्वास सोडायचा.

गेल्या हिवाळ्यात, झोपेतच, तो गेला. सुतक संपल्यावर बद्रिया माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मामा, तुम्ही बाबांना माफ कसं केलंत? मला नाही जमलं."

मी तिला सगळं सांगितलं.

तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. झाल्यावर म्हणाली, "तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं."

"त्यानं शपथ घातली होती, बाळ."

"त्यांनी सांगितलं गावाला सांगू नका. मी गाव होते का?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं की तिला सांगता येईल, आणि खलफानलाही सुचलं नसावं, किंवा सुचून त्यानं गिळलं असेल. ती उठली, बापाच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मी अंगणात बसून राहिलो. दुपारच्या नमाजाची बांग झाली तरी ती बाहेर आली नाही, आणि मीही दार ठोठावलं नाही.