खुंटा, दोर आणि पंतोजींची गंगी

उत्तर चुकलं तरी आमचे पंतोजी मारत नसत. मान लांब पुढं काढत नि म्हणत, "पाऊण बरोबर. पुन्हा पाह्य." सगळं बरोबर आलं तरी पाऊणच. उरलेला पाव त्यांनी कुणाच्या पदरात टाकलेला मला तरी आठवत नाही.

असा चिकट मास्तर तुम्हालाही भेटला असेल. पण आमच्या मास्तरांकडं बकरी होती! वैद्यानं खोकल्यावर बकरीचं दूध सांगितलं, म्हणून हिवरखेडच्या बाजारातून त्यांनी गंगी आणली नि शाळेच्या अंगणात खुंट्याला बांधली. सकाळी तिचं दूध प्यायचे, नि दिवसभर तिच्यावर आम्हाला भूमिती शिकवायचे.

चरून चरून अंगणातल्या गवताला गोल टक्कल पडलं होतं. पंतोजी म्हणत, "हे वर्तुळ. खुंटा केंद्र, दोर त्रिज्या. अन् व्यास?"

"दोन दोर, गुरुजी! दोन बकऱ्या लागतीन!" मी ओरडलो.

"पाऊण बरोबर," म्हणाले, नि खोकला येईस्तोवर हसले.

एकदा विचारलं, दोर दीडपट केला तर चारा किती? आम्ही एका सुरात म्हणालो, दीडपट. "गंगीले विचारा," म्हणत त्यांनी खरंच दोर वाढवला. गंगीनं टक्कल वाढवलं, आम्ही मोजलं, तर सव्वादोनपट! तेव्हापासून वर्गात गंगीचा शब्द शेवटचा.

त्या सालांत सातासमुद्रापार कुठं तरी लढाई पेटली होती आणि आमच्या कापसाला असा भाव आला की बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. लोक दिसेल त्या फटीत सरकी पेरायचे. शेजारच्या आबाजींनी तर थेट शाळेच्या अंगणापर्यंत पेरली. एका सकाळी त्यांची कडेची झाडं कुणीतरी ओरबाडलेली दिसली. त्या दिवसांत कापसाचं झाड म्हणजे घरातलं माणूस. आबाजी गावच्या पाटलांना घेऊनच आले.

"माही झाडं खाल्ली. आता बकरी माही!"

पाटील म्हणाले, "दोर पोचत असंल तं बकरी आबाजीची. नसंल पोचत तं पंतोजीची."

मोजायचा मान मला मिळाला. खुंट्यापासून दोर ताणला. दोर झाडांना हातभर कमी पडला! पोरांनी गिल्ला केला. पाटलांनी मान डोलावली. गंगी सुटली.

तेवढ्यात पंतोजींची मान पुढं आली.

"पाऊण बरोबर. बकरीची मान धरली का हिशोबात?"

"गुरुजी, उगी राहा ना!" मी रडकुंडीला आलो.

"उगी कसा राहू? दोर गळ्याले हाये, खाते ते तोंडानं. हातभर मान राह्यली तुमची."

गंगीनं पाटलांसमोरच मान लांबवली नि आणखी एक पान ओढलं. आबाजी तिला घेऊन गेले. पंतोजी रिकाम्या खुंट्याकडं पाहत होते, आणि आम्हाला त्यांचा असा राग आला होता की विचारू नका.

थंडीत खोकला वाढला. मी रोज तांब्याभर दूध नेऊन देत असे.

"कोणाचं रे?"

"आमच्या बकरीचं, गुरुजी."

एक घोट घेऊन ते म्हणत, "पाऊण खरं." आणि पिऊन टाकत. दूध आबाजीच काढून देत, वर न सांगायची शपथ घालत.

थंडी सरायच्या आधीच पंतोजी गेले. शाळा बंद पडली, टकलावर पुन्हा गवत आलं.

पुढच्या पेरणीला आबाजींनी गंगीला आणून त्याच खुंट्याला, त्याच दोरानं बांधलं. आणि अंगणाच्या कडेनं त्यांनी सरकी पेरलीच नाही, चांगली पट्टी मोकळी सोडली.

पाटलांनी हटकलं, "आबाजी, इतका भाव असून जागा कावून सोडली?"

आबाजींनी गंगीच्या गळ्याखाली खाजवलं.

"या साली मान धरली हिशोबात," म्हणाले.