दुखऱ्या हाताची तालीम

जमुनाचा घात केला तो साखरेच्या डब्याने.

निमेश हा पालघरच्या एका वकिलाचा माणूस. अपघाताच्या केसेस गोळा करत तो गावोगाव फिरे. त्या दुपारी तो मुरब्याला जमुनाच्या घरी येऊन टेकला. दारी आलेल्याला चहा न देता कसं पाठवायचं? तिने आधण ठेवलं आणि जुन्या सवयीने उजवा हात उंचावून फळीवरचा साखरेचा डबा काढला. खांदा करकरला, पण हात पोचला! आठ दिवसांपूर्वी पोचत नव्हता. ती मनातल्या मनात हरखली, तोच मागून निमेश ओरडला, "मावशी! खाली घ्या तो हात!"

डबा पडता पडता राहिला.

अपघात झाला तो दिवाळीनंतर. मुरब्याच्या बायकांना मासळीसकट बोईसरच्या बाजारात नेणारा टेम्पो पाम गावाजवळच्या वळणावर होता. समोरून माल भरलेला ट्रेलर आला, टेम्पोला घासून गेला आणि टेम्पो कलंडला. पाट्या, बर्फ, पापलेटं आणि बायका, सगळं एका ढिगात रस्त्यावर. बाकीच्या खरचटण्यावर सुटल्या. जमुनाचा उजवा खांदा मोडला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात म्हातारी सासू काशीबाई, आणि दोघींची चूल पेटायची ती या एका हातावर.

"मोडला होता ना? मग मोडलेलाच दिसू दे," निमेश आवाज उतरवून म्हणाला. "कोर्ट हाताचे पैसे देत नाही, मावशी. हाताने जे होणार नाही, त्याचे देतं. तुमची महिन्याची कमाई, त्यातले डॉक्टर अपंगत्वाचे लिहील तेवढे टक्के, आणि वयाप्रमाणे गुणाकार. मासळी विकल्याची पावती कुठे असते? म्हणजे कमाई आधीच कमी धरणार. राहिले टक्के. हात खांद्याच्या वर गेला की टक्के घसरले. आणि तुम्ही डबे काढताय! ट्रेलरच्या विमा कंपनीची माणसं मोबाईल घेऊन फिरतात. असला एक व्हिडिओ कोर्टात लागला की संपलं."

"आन् व्यायाम? डाक्टरनी भिंतीवर बोटं चढवायला सांगितलीत."

"डॉक्टरांचं काय जातं? टक्क्यांची तपासणी होईपर्यंत बंद."

"मेल्या, चा पितोस तिचा आन् तिलाच दम देतोस?" कोपऱ्यातून काशीबाई फिसकारली. निमेश हसला, चहा बशीत ओतून प्यायला आणि गेला. जाताना भीती मात्र घरात ठेवून गेला.

त्या दिवसापासून गावात शिरणारा प्रत्येक अनोळखी माणूस जमुनाला विमेवाला दिसू लागला. कुणी किनाऱ्यावर सूर्यास्ताचा फोटो काढला तरी तिचा हात आपोआप पोटाशी जाई. हात बरा झाला नाही तर खायचं काय, ही एक भीती. आणि पैसे मिळण्याआधीच तो बरा झाला तर, ही दुसरी. दोन्ही भीती एकाच खांद्यावर बसलेल्या.

मदतीला धावला तिचा दीर, एकनाथ.

या एकनाथाचा एक काळ होता! शिमग्यात नाटकासाठी वाळूवर मंच बांधत, जुन्या शिडाचा पडदा होई, आणि बत्तीच्या उजेडात अख्खं गाव दाटीवाटीने बसे. एकनाथने एकदा लंगड्या भिकाऱ्याचं काम केलं तेव्हा सातपाटीहून आलेल्या बायकांनी पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराच्या गाठी सोडून त्याच्यासमोर नाणी टाकली. नाटक उतरल्यावरही आठ दिवस गडी लंगडतच बोटीवर चढत होता. पोरं मागे लागत, "एकनाथकाका, नाटक संपलं!" मग तोही हसे, पाय झटके आणि लंगडत पुढे जाई. आता ना तो मंच राहिला ना ते शिड. पण वहिनीवर वेळ आली म्हटल्यावर तो जीव ओतून उभा राहिला. त्यात त्याचा काही स्वार्थ नव्हता.

"वयनी, दुखनं ओरडून नाय दाखवायचं," तो पडवीत तिला समोर उभी करून सांगे. "दुखनं लपवायचं. आन् लपवता लपवता दिसलं पायजे. हात वर न्यायचा... थांब, छातीपाशी थांब. आता दात आवळ. डोला डाक्टरकडं नाय, जमिनीकडं. हां! काय काम केलंस गो!"

"माजं मेलीचं तोंड बघ, मला हसूच येतंय."

"हसू आलं तर मान फिरव. रडल्यासारकी दिसशील."

रोज तालीम. भाकरी थापताना, केस विंचरताना, चालताना. उठता-बसता हात छातीच्या वर न्यायचा नाही. हळूहळू जमुनाला हसू यायचं थांबलं. एकनाथ खूश झाला. "आता मुरलं तुज्या अंगात," म्हणाला.

एका दुपारी जेवून ती लवंडली होती. जाग आली तेव्हा काशीबाई उशाशी बसून तिच्याकडे टक लावून बघत होती.

"गो जमुना, तू झोपंत पन नाटक करतंस काय?"

"काय झालं, आये?"

"हात आवलून धरलेलास पोटाशी. मी सोडवाया गेले तं सुटला नाय."

जमुना तशीच उठली आणि घरामागे वलांडीकडे धावली. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूंची उंच मांडणी. एकात एक जबडा अडकवून बोंबलांची जोडी करायची आणि हात डोक्यावर नेऊन ती दोरीवर टाकायची, हे तिचं लहानपणापासूनचं काम. आसपास कुणी नव्हतं. मोबाईल नव्हता, निमेश नव्हता, एकनाथ नव्हता. तिने हात उचलला.

छातीपाशी थांबला.

तिने दात आवळले. या वेळी ते कुणाला दाखवायला नव्हते. हात तिथेच राहिला, कुणी आतून कडी घातल्यासारखा. डाव्या हाताने तिने उजवा वर ढकलला तेव्हा अशी कळ आली की ती बांबूला धरून खाली बसली. वरच्या रिकाम्या दोऱ्या वाऱ्यावर हलत होत्या. एकनाथच्या नाटकाला शेवटचा अंक होता. आपण कुठला अंक करतोय, हे तिला कळेना.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं तरी कुणाला?

तपासणीच्या दिवशी पालघरच्या दवाखान्यात एकनाथ सोबत होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. "हात वर करा, मावशी."

हात छातीपाशी थांबला. डोळे जमिनीकडे गेले. मागे एकनाथने समाधानाने श्वास सोडला. एवढं अस्सल काम त्याच्या नाटकातही कुणी केलं नव्हतं.

बाईंनी मग स्वतःच तो हात धरून हळू वर नेला. जमुना कळवळली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "हाड तर छान जुळलंय. मग सांधा असा गोठला कसा? व्यायाम करत होतात ना?"

"पैल्यापास्नं असाच हाय, म्याडम," एकनाथ म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय."

जमुनाने डोळे जमिनीवरून उचलले नाहीत. बाईंनी पेन उचललं. "पहिल्यापासून असाच असेल, तर कायमचं अपंगत्व म्हणून लिहावं लागेल."

कायमचं. हाच शब्द निमेशला हवा होता. पण जमुनाला दिसल्या त्या वलांडीवरच्या दोऱ्या, रिकाम्या, आणि त्यांच्याखाली ती स्वतः, मान वर करून बघत बसलेली, म्हातारी होईपर्यंत. तिने डावा हात पुढे टाकून बाईंचं मनगट घट्ट धरलं.

"नका लिवू! वर जात व्हता, बाय. साकरंच्या डब्यापरेंत जात व्हता. मीच खाली ठेवला. आता उठंत नाय... मला लय भ्या वाटतं."

एकनाथ भिंतीला टेकला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"सुटेल. पूर्ण सुटेलच असं वचन देत नाही. दुखेल, खूप दुखेल. आज मी टक्के लिहीत नाही, तीन महिन्यांनी या. तेव्हा असेल तेवढंच लिहीन. कमी भरलं तर कमी."

बाहेर चहाच्या टपरीवर एकनाथने चहा घेतला, पण प्यायला नाही. "वयनी, तो लंगडा पाय..." तो म्हणाला. "आठ दिवसांनी सुटला, पन आठ दिवस मी पन लय भ्यायलो व्हतो. पोरांसंगती हसायचो ना, ते भ्या लपवाया. मला कललं पायजे व्हतं गो."

निमेशने फोनवर अर्धा तास डोकं आपटलं. जमुनाने ऐकून घेतलं आणि फोन काशीबाईच्या हातात दिला. पुढचं म्हातारीने बघितलं.

आता रोज सकाळी जमुना वलांडीच्या बांबूसमोर उभी राहते. बोटं बांबूवर ठेवून खेकड्यासारखी वर चढवते. एक पेर, मग दुसरं. एकनाथ शेजारी उभा असतो, पण सूचना करत नाही. ती कण्हली की तोच मान फिरवतो.

परवा बोटं खालच्या दोरीपर्यंत पोचली. तिने बोंबलांची एक जोडी उचलली, आणि त्याच वेळी तिला रस्त्यावर एक माणूस दिसला. मोटारसायकल उभी करून त्याने मोबाईल वर धरला होता. विमेवाला की वाळत्या बोंबलांचे फोटो काढणारा कुणी हौशी, कुणास ठाऊक. तिचा खांदा आपसूक आवळला, हात खाली यायला निघाला.

"कोन हाय गो?" दारातून काशीबाईने विचारलं.

"काय म्हाईत," जमुना म्हणाली. तिने दात आवळले, हात पुन्हा वर नेला आणि ती जोडी दोरीवर टाकली.